उजनी मायनसमध्ये

आमच्याकडे पेपर आला की बायको आधी उजनी बघते, राशिभविष्य नंतर. तिचं माहेर इंदापूर तालुक्यातलं, त्यामुळे हा हक्क तिच्याकडे वंशपरंपरेनं आलेला आहे. "पस्तीस झाली," असं ती चहाच्या कपातून सांगते. ही आनंदाची बातमी की दुःखाची, हे तिच्या आवाजावरून ओळखायचं. नुसतं पस्तीस असेल तर बरं चाललंय. मायनस पस्तीस असेल तर मामांना फोन करायचा आणि हवापाण्याचं बोलता बोलता हळूच विचारायचं, "बोअरला आहे ना पाणी?"

लग्नानंतर पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला काही उमगेना. धरण आटलं तर शून्य व्हावं. शून्याच्या खाली पाणी असेल कसं? सासरी विचारायची सोय नव्हती. नवा जावई आणि त्याला साधी उजनी कळत नाही, म्हणजे पोरगी कुठे दिली म्हणतील. शेवटी बँकेतल्या चौतीस वर्षांच्या नोकरीनंच ते कोडं सोडवलं. उजनीत साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, लिटरमध्ये २,८३१ कोटी. या ११७ पैकी वरचं ५३-५४ टीएमसी हे चालू खातं. कालवे, ऊस, पाळ्या, भांडणं सगळी यातून. तळाचं ६३ टीएमसी ही मुदत ठेव. टक्केवारी मोजतात ती फक्त चालू खात्याची. ते संपलं की ठेव मोडायला लागते आणि जेवढी मोडली तेवढं मायनस. सरकारी भाषेत या ठेवीला 'मृतसाठा' म्हणतात. पण भर उन्हाळ्यात भीमेत सोडलेलं हेच मेलेलं पाणी सोलापूर शहर पितं आणि जिवंत राहतं. चालू खात्यापेक्षा ठेव मोठी, अशी खाती मी उभ्या नोकरीत फक्त म्हाताऱ्या आजीबाईंचीच पाहिली.

आणि हे धरण भरतं तेव्हाही शंभरावर थांबत नाही, एकशे अकरापर्यंत जातं. शंभरावर अकरा. आहेराचं पाकीट भरल्यासारखं.

तर सांगायचं होतं ते गळाबद्दल. निवृत्त होऊन दोन महिने झाले होते. घरातला रिकामा पुरुष ही वस्तू किती जागा व्यापते, हे बायकांना त्याच काळात कळतं. मी हॉलमध्ये बसलो की झाडू हॉलमध्ये यायचा, गॅलरीत बसलो की गॅलरीत. अशात मुलगी आणि जावई ऑस्टिनहून आले आणि जावयानं बॅगेतून एक लांबलचक नळकांडं काढून माझ्या हातात दिलं. मासे धरायचा रॉड. चकचकीत चरखी, केसासारखी नायलॉनची दोरी आणि एका डबीत प्लॅस्टिकचे रंगीत मासे. त्यांचे डोळेसुद्धा रंगवलेले.

"बाबा, यू विल लव्ह इट," जावई म्हणाला. त्यांच्याकडे लेक ट्रॅव्हिस म्हणून तलाव आहे. तोही नैसर्गिक नव्हे, कोलोरॅडो नदीवर १९४१ साली झालेल्या मॅन्सफील्ड धरणाचा. तिथे लोक शनिवारी होडी गाडीला जोडून नेतात, दिवसभर गळ टाकतात, मासा मिळाला की त्याच्याबरोबर फोटो काढतात आणि त्याला परत पाण्यात सोडतात. तिथेही लोक धरणाची पातळी रोज बघतात. समुद्रसपाटीपासून ६८१ फूट म्हणजे फुल्ल. "तुमच्यात मायनस असतं का?" असं बायकोनं विचारलं. नसतं म्हणाला. ती काही बोलली नाही, पण अमेरिकेबद्दलचं तिचं मत तिथेच थोडं उतरलं असावं.

मला मात्र रॉड एका दुसऱ्याच कारणासाठी आवडला. नुसता बसलेला माणूस आळशी ठरतो, पण हातात गळ घेऊन बसलेला हौशी. बसणं तेच, वेळही तेवढाच आणि हाती लागणारंही बहुधा तेवढंच. पण त्याला कुणी "दळण घेऊन या" म्हणत नाही.

२०२४ चा एप्रिल होता. उजनी जानेवारीतच मायनसमध्ये गेलेली. बायकोच्या मामांकडे जायचं ठरलं. बायको म्हणाली, "लोक दुष्काळात पाहुण्यांना येऊ नका म्हणतात, आणि तुम्ही काठी घेऊन निघालात."

मामांचं गाव पाणलोटाच्या काठावर. म्हणजे आताचं गाव. मूळचं गाव खाली, पाण्यात. भीमा अडली, १९८० साली धरण पूर्ण झालं, त्याला यशवंतसागर असं भारदस्त नाव मिळालं. ते नाव पाटीवर राहिलं आणि लोकांच्या तोंडी उजनीच राहिली. पाणी आलं तेव्हा मामा पस्तिशीचे. आता ऐंशीच्या घरात आहेत, मळकं धोतर, डोक्याला टापशी आणि एका कानात ऐकायचं मशीन. ते मशीन भाषणाच्या वेळी ते काढून ठेवतात.

"या जावईबापू. हे काय आनलंया?"

मी रॉड उघडून दाखवला. त्यांनी चरखी फिरवून बघितली, दोरीला बोट लावलं, प्लॅस्टिकचा मासा हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. "ह्यो कुनासाठी?"

"याला बघून मोठा मासा येतो."

"हितं सगळी चिलापी. ती श्याळ खाती. तिला मासा दावून काय उपेग? माळकऱ्याला मटान दावल्यावानी."

मामांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. चिलापी ही मूळची आफ्रिकेतली, मोझांबिककडची. १९५२ साली ती श्रीलंकेमार्गे भारतात आली. शेवाळ, गाळातला पाचोळा, जे असेल ते खाते. पिल्लांच्या बाबतीत तर तिचा हात कुणी धरू शकत नाही, कारण ती हात वापरतच नाही. अंडी तोंडात धरते, पिल्लं तोंडातच वाढवते, बाहेर सोडते आणि कुणी आलं की परत तोंडात घेते. मुलांना असं तोंडात बांधून ठेवल्यावर लोकसंख्या वाढेल नाहीतर काय होईल? रोहू-कटला मोठ्या घरचे, त्यांचं बीज सरकारनं गाडीतून आणून सोडायचं. चिलापी भाडेकरू म्हणून आली आणि सातबारावर नाव लावून बसली.

मामींनी कणीक मळून दिली. मामा म्हणाले, "चला, माझ्या हिरीवर बसू."

मला वाटलं, मळ्यातल्या विहिरीवर. पण मामा उतारानं खाली निघाले, ऊस संपला, रस्ता संपला आणि भेगाळलेला गाळ सुरू झाला. पायाखाली शिंपले कुडकुड वाजत होते. चिखलात बैलगाडीची चाकोरी असावी तशा दोन रेघा होत्या आणि मामा त्या रेघांमधून सरळ चालत होते, जणू काल संध्याकाळीच बैल सोडून आले होते. मग ती दिसली. घडीव दगडांची विहीर, कडेपर्यंत गाळानं भरलेली. मोटेची धाव पाण्याकडे उतरत गेलेली आणि थारोळं अजून जसंच्या तसं. त्याच्या कडेच्या दगडावर दोर घासून घासून पडलेली खाच होती. मी तिच्यात बोट घातलं तर दोन पेरं आत गेलं. चव्वेचाळीस वर्षं वर्षाआड-दोन वर्षांआड पाण्याखाली जाऊनही ती खाच बुजली नव्हती.

मामा थारोळ्यावर टेकले. पाणी अगदी पायाशी होतं. "माझ्या आज्यानं खांदली. आट परूस. हितनं तीन एकर भिजायचं," एवढंच म्हणाले आणि त्यांनी तंबाखू मळायला घेतली. अशा वेळी आपण काहीतरी बोलायला हवं असतं आणि ते सुचत नाही. मी गळाला कणकेचा गोळा लावला.

पहिला तासभर मासे आणि मी यांच्यात एकच व्यवहार चालू होता, मी कणीक द्यायची आणि त्यांनी ती न्यायची. तारण नाही, जामीन नाही. दोरीला लावलेलं लाल-पांढरं बोंड जरा थरथरायचं, मी जोरात ओढायचो आणि स्वच्छ धुतलेला गळ वर यायचा. मामा तिसऱ्या वेळेला म्हणाले, "थरथरली की वडू नगा. बुडली की वडा. चाखती हाये ती, जेवाय बसली न्हाई आजून." हे वाक्य मला नोकरीत असताना कुणी सांगितलं असतं तर दोन-चार कर्जं तरी वाचली असती.

मग बोंड खरंच बुडलं. मी ओढलं आणि हातात ते जाणवलं. दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी आहे आणि त्याला यायचं नाहीये. चरखी उलटी फिरवली, मग सुलटी. पाण्याबाहेर आली ती तळहाताएवढी, राखी-हिरवट, रागावलेली चिलापी. आनंदाच्या भरात मी तिला पाठीवरून पकडलं आणि तिनं पाठीवरचे सगळे काटे एकदम उभे केले. अंगठ्यातून रक्त आलं. मामांनी तिला माझ्या हातातून घेतलं, डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला आणि पंखा मिटावा तसे काटे मिटले. "डोक्याकडनं. कुनालाबी धरायचं तर डोक्याकडनं." अंगठा चोखत मी तिच्याकडे बघत होतो. तोंडात पिल्लं नव्हती, ते मी आधी पाहून घेतलं.

जावयाचं ते पकडून सोडून देण्याचं शास्त्र मी मामांना समजावलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मला वाटलं मशीन बंद आहे. मग म्हणाले, "सोडायचाच तर गळ कशापायी? नुसती हाक मारून यायचं."

घरी आल्यावर बायकोनं हिशोब मांडला, बँकवाल्याची बायको ती. पुण्यापासूनचं पेट्रोल, येता-जाता टोल, रॉडची किंमत रुपयांत करून, अंगठ्याला लावलेलं मलम. मासा पाव किलो. मामा उंबऱ्यात बसून ऐकत होते. "म्हंजी," ते म्हणाले, "मासाबी मायनसमदी."

रात्री मामींनी भिगवणच्या बाजारातून आणलेल्या दोन किलोमध्ये माझी एक मिसळून कालवण केलं. चिंचेचा कोळ, भरपूर लसूण आणि सोलापुरी काळं तिखट. चिलापीला आडवेतिडवे बारीक काटे नसतात, त्यामुळे रोहूसारखं खाताना मौन पाळावं लागत नाही. प्रत्येक तुकडा मी "ही माझी असावी" म्हणून खाल्ला. भाकरीबरोबर मामांनी माशांचं राजकारणही वाढलं. जुनी कटला, मरळ, वांब कशी कमी झाली, आणि बारीक आसाच्या जाळ्यानं कोवळी पिल्लंसुद्धा कशी ओढून नेतात. त्या मासेमारीला तिकडे 'वडाप' म्हणतात. आमच्या भागात खच्चून माणसं भरणाऱ्या जीपलाही वडापच म्हणतात. ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्याला दोन्हीतला अनुभव असणार.

दुसऱ्या दिवशी पहाटे कुंभारगावला बोटीतून पक्षी बघायला गेलो. काठावर पुण्या-मुंबईच्या गाड्या आणि गाड्यांतून उतरणाऱ्या लेन्सा, एकेक अशी की गडावर ठेवावी. आमचा नावाडी बावीस-तेवीसचा पोरगा. बाप जाळं टाकतो, हा सुट्टीच्या दिवशी माणसं फिरवतो. मी त्याला मोठ्या आपलेपणानं म्हटलं, "तो बघ, बगळा." तो नम्रपणे म्हणाला, "पेंटेड स्टॉर्क आहे, सर. मराठीत चित्रबलाक." पुढचा तासभर मी कुठल्याही पक्ष्याला परस्पर नाव ठेवलं नाही. फक्त खंड्या ओळखला, तोही त्यानं मोठ्या मनानं माझ्यासाठी सोडला होता.

बसताना त्यानं नारिंगी जॅकेट दिलं होतं. ते माझ्या पोटावर लागेना. मी हसून म्हटलं, "राहू दे, मीच तरंगेन." तोही हसला. बायको हसली नाही.

आणि मग रोहित दिसले. फ्लेमिंगोला आपल्याकडे हे नाव आहे. आमच्या सोसायटीतही तीन आहेत, पण त्यांच्यात गुलाबी काही नाही. इथे उथळ पाण्यात गुलाबी रेघ ओढल्यासारखे शेकडो उभे होते. पायांनी गाळ ढवळायचा, मान खाली घालून डोकं उलटं करायचं, चोचीतून पाणी गाळायचं आणि उरलेलं गिळायचं. शेवाळ नि बारीक किडे खाऊन ते गुलाबी होतात. (पुणेकरांनी यात आपला वाटा ओळखावा. पुण्यात पाऊस पडला की उजनी भरते हे आपण अभिमानानं सांगतो. पाऊस नसतानाही पुण्यातून मुळा-मुठेवाटे काय काय येतं, ते सांगत नाही.) पोरानं इंजिन बंद करून वल्हं हातात घेतलं. त्या शांततेत शेकडो चोचींचा एक बारीक चुळबुळ आवाज येत होता, लग्नात पंगत बसल्यावर येतो तसा.

"यंदा लय आलेत, सर. पाणी उतरलं की गाळ उघडा पडतो, मग येतात. अजून उतरलं की अजून येतील. मागच्या बाजूला पळसदेवचं देऊळ पण उघडं पडतंय. तुमच्यासाठी चांगलंय."

तुमच्यासाठी चांगलंय, हे त्यानं सहज म्हटलं, दुकानदार म्हणतो तसं. मी फोटो काढायला मोबाइल उचलला होता तो खाली ठेवला, मग परत उचलला. काढायचा तो काढलाच. पण एवढं कळलं की मी ज्याला सहल म्हणत होतो तिचा दर पेपरात रोज छापून येतो आणि बायको तो चहाबरोबर वाचते. रोहित, बुडालेली देवळं, मामांची विहीर, मला काठावर बसून गळ टाकायला मिळालेलं ते थारोळं, हे सगळं त्या वजाच्या चिन्हाच्या खाली मांडलेलं होतं. उजनी भरलेली असते तेव्हा आमच्यासारख्यांना दाखवायला तिच्याकडे फारसं काही नसतं. नुसतं पाणी.

मेमध्ये, २१ तारखेला, कळाशी आणि कुगावच्या मध्ये संध्याकाळच्या वादळात प्रवासी बोट उलटली. सहा जण गेले. ती सहलीची बोट नव्हती. या काठावरून त्या काठावर जायला तिकडे बोट हीच एसटी, कारण रस्त्यानं गेलं तर भलामोठा वळसा पडतो. बायकोनं बातमी वाचली, पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाली, "त्या दिवशी तुमचं जॅकेट उघडं होतं." मी काही बोललो नाही.

जूनपर्यंत उजनी उणे साठच्या जवळ गेली. मग जुलैत वरच्या धरणांतून पाणी सुटायला लागलं, दौंडची आवक वाढली आणि बायकोची सकाळ सुधारली. शून्य ओलांडलं त्या दिवशी शिरा झाला. ऑगस्टमध्ये धरण शंभरीच्या वर गेलं आणि मामांचा स्वतःहून फोन आला. एरवी ते मिस्ड कॉल देतात. "जावईबापू," ते ओरडूनच बोलतात, "हीर गेली!" मी इतक्या आनंदानं सांगितलेली विहीर जाण्याची बातमी आयुष्यात ऐकली नव्हती.

पुढच्या फेब्रुवारीत परत गेलो. रॉड नेला होता पण तो गाडीतच राहिला, थारोळ्यावर दोन-तीन पुरुष पाणी होतं. मामांनी उसाच्या बांधावरून बोट करून "त्या तिथं" असं दाखवलं. मला नुसत्या लाटा दिसल्या, पण त्यांना दिसत असावी, कारण दाखवताना बोट जराही हललं नाही. कुंभारगावला तोच पोरगा होता. रोहित फार थोडे, लांबवर. पाणी जास्त ना, गाळ सगळा खाली. "यंदा तुमच्यासाठी जरा कमी आहे, सर," असं तो अपराधी चेहऱ्यानं म्हणाला आणि भरपाई म्हणून हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब दाखवले. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले ते बदक-हंसाच्या मधले पाहुणे काठावरच्या हिरवळीत निवांत चरत होते, मामांच्या गाईंच्या शेजारी.

बोट सुटायच्या आधी त्यानं सगळ्यांची जॅकेटं स्वतः तपासली. माझ्यापाशी आला, बंद ओढून बघितला, लागला नाही. एक शब्द न बोलता मागच्या फळीखालून दुसरं काढलं आणि माझ्या अंगावर चढवून तीनही बंद कटाकट लावले. मग इंजिन सुरू केलं.

तुम्ही जाणार असाल तर आदल्या दिवशीचा पेपर बघून जा, म्हणजे काय दिसेल याचा अंदाज येतो. पहाटे पोहोचा. गळ नेलात तर कणीक न्या, प्लॅस्टिकचे मासे नकोत. आणि जॅकेट पोटावर लागत नसेल तर लाजू नका, मोठं मागा. त्यांच्याकडे असतं.